मेरापीच्या पायथ्याहून

योग्यकर्ता, जावा

प्रिय विठ्ठल,

तुझं पत्र मिळालं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि उन्हात जाऊ देऊ नकोस.

बाकी गोष्टींआधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो तू जवळजवळ रागावूनच विचारला आहेस. टीव्हीवर इथल्या सेमेरू ज्वालामुखीची राख पाहिलीस आणि लिहिलंस, 'डोंगर धुमसतोय हे डोळ्यांनी दिसतं, तरी माणसं तिथून उठून जात का नाहीत?' इथे आल्यापासून हाच प्रश्न मीही भेटेल त्याला विचारत होतो. आता जे समजलंय ते लिहितो. तू रानात राबणारा माणूस आहेस, तुला ते शहरातल्या कुणापेक्षाही लवकर पटेल.

आधी जागेचं बघ. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि माणसं 15 कोटींच्या वर. बेटाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत ज्वालामुखींची ओळच लागली आहे. एकापासून दूर सरकावं तर दुसरा जवळ येतो. सगळ्या इंडोनेशियात मिळून जागे मानलेले ज्वालामुखी 127 आहेत. दक्षिणेकडून समुद्राचा तळ वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने बेटांच्या खाली घुसतोय. त्याच्याबरोबर पाणीही खोल जातं, त्या पाण्यामुळे तिथला तापलेला खडक वितळतो आणि वर येतो. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. पण तो लाव्हा पातळ होता, भेगांमधून वाहत दूरवर पसरला, थरावर थर बसले. इथला चिकट असतो. त्यात वायू कोंडतो आणि कोंडला की फुटतो. म्हणून हे डोंगर असे उभ्या सुळक्यांचे, आणि म्हणूनच घातक.

आता मातीचं. तुझी भारी काळी जमीन लाव्ह्यापासूनच झाली, पण तिला झिजायला किती काळ लागला! इथली माती तरणी आहे. राख पडते तेव्हा पीक जळतं, पानं झडतात, एखादा हंगाम हातचा जातो. पण पुढे पावसात ती राख मुरते, तिच्यातलं पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं होतं, आणि माती पाणीही चांगली धरून ठेवते. डोंगरावरून बारमाही झरे येतात, भाताची खाचरं वर्षातून दोनदा, कुठे तीनदाही पिकतात. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर तुरी भागात सलाकच्या बागा आहेत. साल सापाच्या कातडीसारखी, आत पांढरा करकरीत गर. ते फळ तुला खायला घालायचंय. नद्यांमधून डोंगराची वाळू येते, ती उपसायला ट्रकांची रांग असते, आणि त्याच वाळूने योग्यकर्त्यातली घरं बांधली जातात. विठ्ठल, अशी जमीन सोडून माणूस कुठे जाईल? तू गेला असतास?

मेरापी शहराच्या उत्तरेला सुमारे 30 किलोमीटरवर आहे. उंची 2910 मीटरच्या आसपास. नक्की आकडा सांगून उपयोग नाही, कारण दर मोठ्या स्फोटात माथा बदलतो. स्वच्छ सकाळी तो माझ्या खिडकीतून दिसतो आणि रात्री कधी कधी त्याच्या अंगावरून लाल ठिणग्या घरंगळताना दिसतात. गावकरी त्याला आजोबा म्हणतात आणि योग्यकर्त्याच्या सुलतानाच्या वाड्यातून दरवर्षी त्याला कापडाचा नैवेद्य जातो. त्यासाठी डोंगरावर वाड्याने नेमलेला राखणदार असतो. 1982 मध्ये नेमलेले म्बाह मारिजान सगळ्या देशाला ठाऊक होते. 26 ऑक्टोबर 2010 ला डोंगर फुटला तेव्हा आदल्या दिवशीच गाव रिकामं करायचा आदेश निघाला होता. ते उठले नाहीत. तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट किनाहरेजो गावावरून गेला आणि त्यांच्यासह तीसहून अधिक माणसं गेली. त्यांची निष्ठा मी मानतो. पण त्यांच्या भरवशावर जे मागे थांबले त्यांच्यासाठी पोटात तुटतं.

त्याहून मोठा स्फोट 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर झाला. शास्त्रज्ञांनी धोक्याची हद्द 20 किलोमीटरपर्यंत वाढवली होती, जवळजवळ चार लाख लोक घरदार सोडून निघाले. सगळे मिळून साडेतीनशेच्या वर मृत्यू झाले, पण वेळेवर गावं हलवली नसती तर 10 ते 20 हजार माणसं गेली असती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे सरकारने लोकांना हलवलं होतं. पण कायमचं नाही, काही आठवड्यांपुरतं. मला तोच मार्ग बरोबर वाटतो.

आणि एक गोष्ट तुझ्या जिव्हाळ्याची. माणसं छावणीत येतात, पण गाईला कोण बघणार? त्या वेळी कितीतरी जण वैरण घालायला पुन्हा वर गेले, त्यातले काही परत आले नाहीत. आता जनावरांनाही खाली आणायची सोय केली जाते. मागेलांग जिल्ह्यात तर वरच्या प्रत्येक गावाला खालचं एक गाव जोडून दिलंय. डोंगर बिथरला की कुणी कुणाकडे जायचं ते आधीच ठरलेलं. या जोडगावांनी मला जितका धीर दिला तितका कुठल्याच यंत्राने दिला नाही.

ही माती किती झाकून टाकते ते सांबिसारीला दिसतं. 1966 मध्ये एका शेतकऱ्याची कुदळ कोरीव दगडावर आपटली, आणि खणत खणत साडेसहा मीटर खाली नवव्या शतकातलं शिवमंदिर निघालं. गाभाऱ्यात लिंग, बाहेरच्या कोनाड्यांत दुर्गा, गणपती, अगस्ती. पायऱ्या उतरून खाली गेलो आणि मान वर करून भोवतीची शेतं पाहिली तेव्हा मला बोलवेना. तेवढा सगळा थर त्या डोंगराने वाहून आणलेला.

सेमेरूचं तू विचारलंस. 3676 मीटर, जावातला सर्वात उंच. जुनी कथा अशी की हे बेट समुद्रावर डुगडुगत होतं, म्हणून देवांनी मेरू पर्वत आणून इथे ठेवला. डिसेंबर 2021 मध्ये त्याच्या लोटात पन्नासहून अधिक लोक गेले आणि गावांना जोडणारा पूलही. शेजारच्या ब्रोमोवर टेंगर लोक राहतात, ते हिंदू आहेत. कासादा सणाला विवरात भाजीपाला, कोंबड्या, बकरी अर्पण करतात, आणि आत उतारावर उभे राहून गोरगरीब ते जाळ्यांत झेलतात. कुणी त्यांना अडवत नाही.

केलुद ज्वालामुखीचं विवर पाण्याने भरलेलं असायचं. 1919 मध्ये ते पाणी चिखल होऊन उसळलं आणि पाच हजारांवर माणसं गेली. मग डच सरकारने डोंगरातून बोगदे खणून तळ्याची पातळी उतरवली. माणसाने डोंगराशी असं समजून-उमजून वागावं, हे मला सर्वात आवडतं. इंडोनेशियातल्याच तांबोरा (1815) आणि क्राकाताऊ (1883) या ज्वालामुखींची नावं त्यांच्या स्फोटांमुळे जगभर झाली. तांबोराने स्वतःचा हजाराहून जास्त मीटर माथा उडवला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. त्यापुढे कुणाची काही तयारी चालत नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पेरण्या आटोपल्या की जुलै-ऑगस्टात ये. इथे तेव्हा कोरडा हंगाम असतो, आकाश मोकळं असतं. ब्रोमोवर पहाटे कडाक्याची थंडी पडते, स्वेटर आण. आणि येताना तुझ्या रानातली मूठभर माती कागदात बांधून आणू नकोस, विमानतळावर घेऊ देणार नाहीत. त्याऐवजी माती परीक्षणाचा कागद आण. इथल्या शेतकऱ्यांच्या कागदाशेजारी ठेवून आपण दोघं बसू.

तुझा,
अनंता