गर्भजलातील प्रथिने डब्यातून येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातील आहारावर आलेल्या लेखात ‘गर्भजलातील प्रथिने वाढविण्यासाठी’ प्रथिनांची पावडर घेण्याचा सल्ला दिलेला वाचला. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पाणी कमी’ असे लिहून आले, की सांगली-मिरजेकडे अनेक घरांत असा डबा आणला जातो. या समजुतीला छापील आधार मिळू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खाल्लेले प्रथिन पचनात अमिनो आम्लांपर्यंत मोडते. ते जसेच्या तसे पाणमोटीत उतरत नाही. गर्भजलात सर्वाधिक आढळणारे अल्ब्युमिन मुख्यतः आईच्या यकृतात तयार होते आणि तिच्या रक्तातून गर्भाशयाचे अस्तर व गर्भपटल यांमधून झिरपत तेथे पोहोचते. रक्तातील काही प्रथिनांचे आनुवंशिक प्रकार असतात, आणि आईचा व बाळाचा प्रकार पुष्कळदा वेगळा असतो. अशा वेळी गर्भजलात प्रामुख्याने आईचाच प्रकार सापडतो, याचा पुरावा फिनलंडमधील संशोधकांनी १९६६ सालीच मांडला होता. एवढे असूनही गर्भजलातील प्रथिनांचे प्रमाण आईच्या रक्तद्रवाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते. दिवस भरत येतात तेव्हा बाळ रोज अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक गर्भजल गिळते आणि त्यातील प्रथिने पचवते, त्यामुळे प्रथिनांचे हे प्रमाण आणखी घटते. त्यात काळजीचे काही नाही.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीचा आणि काही भाग त्याच्या फुप्फुसांतील द्रवाचा असतो. म्हणजे पाणी बहुतांशी बाळाचे आणि प्रथिने बहुतांशी आईची, असा हा विलक्षण संसार आहे. पाणी कमी झाले तर बाळाची मूत्रपिंडे, वारेचे कार्य किंवा पाणमोटीची गळती पाहावी लागते. पावडरीचा डबा त्याचे उत्तर नव्हे. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी ही आईच्या व बाळाच्या वाढीसाठी हवीतच, याबद्दल वाद नाही.

बाळाची स्वतःची प्रथिने थोडी असली तरी वैद्यकाला तीच अधिक बोलकी वाटतात. अल्फा फीटोप्रोटीन हे त्यांपैकी एक. ते आधी पीतक कोशात (सुरुवातीच्या गर्भाला जोडलेल्या पिशवीत) आणि नंतर बाळाच्या यकृतात बनते व लघवीवाटे गर्भजलात येते. पाठीचा कणा किंवा कवटी उघडी राहिली असेल, तर ते त्या उघड्या जागेतून थेट पाझरते आणि त्याचे प्रमाण बरेच वाढते. एडिंबरा येथील ब्रॉक व सटक्लिफ यांनी १९७२ साली हे दाखवून दिले. बाळाच्या आतड्यातील विकरे आणि फुप्फुसातील सर्फॅक्टंटची (फुप्फुसे मिटू न देणाऱ्या द्रव्याची) प्रथिनेही गर्भजलात सापडतात. गर्भाशयाचे अस्तरही आपली भर घालते: गर्भजलातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तेथूनच येते, आणि अस्तरातील दुसऱ्या एका प्रथिनावरून पाणमोट फुटली आहे की नाही, हे सांगणारी पट्टी दवाखान्यांत वापरली जाते.

आपल्या भागात ‘गर्भजल परीक्षा’ म्हटले की लोकांच्या मनात लिंगनिदानच येते, आणि मागचा इतिहास पाहता त्यांना दोष देता येत नाही. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगण्यास बंदी आहे. जनुकीय दोष किंवा जन्मजात व्यंग शोधण्यासाठी ठरावीक कारणांस्तव ही परीक्षा करता येते.

वर सांगितलेले उघड्या कण्याचे व्यंग टाळण्यास मदत करणाऱ्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा पुरवणीतील लेखात उल्लेखच नव्हता, याचे आश्चर्य वाटले. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत बंद होते, तोपर्यंत अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी मूल हवे असे ठरले की लगेच सुरू करायची असते. पुढच्या पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लेखातील सल्ल्याची दुरुस्ती छापावी आणि त्यात या गोळीची माहिती द्यावी, ही विनंती.

– जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली