आई-बाबांना, डॅन्यूबकाठच्या द्राक्षबागांबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर धड बोलणं झालं नाही म्हणून निवांत लिहितेय. शनिवारी मी आणि अनिकेत वाखाऊला जाऊन आलो. व्हिएन्नाहून ट्रेनने क्रेम्सला तासाभरात पोचतो आणि तिथून नदीकाठाने बस. क्रेम्स ते मेल्क असा डॅन्यूबचा साधारण ३५ किलोमीटरचा पट्टा आहे हा, २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण बाबा, मी दिवसभर तुमचाच विचार करत होते, कारण जिकडे बघावं तिकडे द्राक्षबागा!

आपल्या तासगावसारखं सपाट रान नाही की मांडव नाही. उभा डोंगर आणि त्यावर खालपासून वरपर्यंत दगडी ताली, सिमेंट कुठेच नाही, नुसता दगडावर दगड बसवलाय आणि शेकडो वर्षं तशाच डागडुजी करत टिकवल्यात. एका तालीवर मी हात ठेवून बघितला, ऊन उतरलं होतं तरी दगड चांगला कोमट, रात्री हीच ऊब वेलींना मिळते. काही ठिकाणी दोन तालींच्या मध्ये वेलींच्या दोन-तीनच ओळी बसतात, तिथे ट्रॅक्टर जाणार कुठून, त्यामुळे छाटणी, तोडणी सगळं हातानेच. आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिल-ऑक्टोबर अशी दोनदा नाही, कारण थंडीत इथला वेल झोपूनच जातो. ग्रुनर व्हेल्टलिनर ही इथली मुख्य जात, घड अजून वेलीवरच होते. तुम्ही असता तर एकेका शेतकऱ्याला गाठून फवारणीचं विचारत बसला असता.

ड्युर्नश्टाइन गावावर एक पडका किल्ला आहे, इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेला त्याला ११९२ साली तिथे कोंडलं होतं. चढण चांगलीच आहे, आई, तू खाली गल्लीतच बस, तिथे जर्दाळूचा जॅम मिळतो, इथला जर्दाळू फार नावाजलेला आहे.

पण वाइसेनकिर्खेन गावाची फेरीबोट तुला दाखवायचीच आहे! इंजिन नाही, काही नाही, नदीवर आडवी तार बांधलीय, तिला धरून बोट तिरकी करतात आणि पाण्याचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. गाड्यासुद्धा जातात त्यावरून. अजिबात आवाज नाही.

मग एका शेतकऱ्याच्याच अंगणात ब्रेड-चीज खाल्लं, त्याच्या घरची वाइन घेतली एकेक ग्लास. ज्याची बाग त्याचीच वाइन, त्याचंच टेबल, आपल्याकडे का नाही होत असं सगळीकडे?

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला याच. बाबा, छाटणीच्या आत परत पाठवते, ते कारण चालणार नाही. दोघांचे पासपोर्ट कधी संपतायत ते बघा आणि मला फोटो पाठवा.

तुमची,
मनू