पॅचचा क्रमही लिहून ठेवावा

महोदय,

कोल्हापूर परिसरातील ज्या सहकारी बँका, साखर कारखाने व रुग्णालयांचे सर्व्हर लिनक्स या संगणक प्रणालीवर चालतात, त्यांच्या व्यवस्थापनाचे लक्ष एका दुर्लक्षित बाबीकडे वेधू इच्छितो. यंत्र बंद न करता चालू कर्नेलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) दोष पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या छोट्या कोडने, सुधारण्याची, अर्थात लाइव्ह पॅचिंगची सोय मूळ लिनक्स कर्नेलमध्ये २०१५ सालच्या ४.० आवृत्तीपासून आहे. यात जुने फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा भाग) पुसले जात नाही, त्याच्याकडे जाणारा मार्ग नव्या फंक्शनकडे वळवला जातो. त्यामुळे एकाच फंक्शनवर दोन पॅच लागले, तर साधारणपणे शेवटी लागलेलाच प्रभावी ठरतो. म्हणूनच केवळ पॅचची यादी पुरेशी नाही. कर्नेल ६.१४ पासून प्रत्येक पॅचचा 'स्टॅक ऑर्डर' हा आकडा वाचता येतो व त्यावरून क्रम कळतो, ही सोय फार आधीच हवी होती. मात्र हा आकडा यंत्र चालू असेपर्यंतच टिकतो. बिघाडानंतर घाईने रीबूट केले की नेमका कोणता पॅच प्रभावी होता, हे सांगणारा तो आकडा उरत नाही. आधीच्या सर्व पॅचची जागा घेणारा एकत्रित पॅच वापरल्यास गुंता कमी होतो, पण तो कधी लावला हेही लिहावेच लागते. रोकडवहीचा मेळ पैशापैशाने घालणाऱ्या आपल्या संस्थांना हे जड जाऊ नये. देखभालीच्या करारांचे नूतनीकरण करताना पॅचचे नाव, वेळ, क्रम व लावणाऱ्याची सही असलेली नोंदवही संस्थेच्याच ताब्यात राहील, अशी अट घालावी.

— एक सिस्टीम प्रशासक, राजारामपुरी, कोल्हापूर