भ्रूण वाढतो त्या खोलीविषयी

परळ, मुंबई
दि. ७ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफच्या) उपचाराविषयी डॉक्टर, इंजेक्शने, खर्च हे सगळे विचारून झाल्यावर तू मला विचारतोस की, ‘तुमच्या त्या लॅबमध्ये बाळाचे काही बरेवाईट होऊ शकते का?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न फार थोड्या जोडप्यांनी विचारला. उत्तर ‘हो’ असेच आहे, पण त्यात घाबरून जाण्यासारखे काही नाही.

फलित झालेले बीज पाच-सहा दिवस आमच्याकडे, डिशमधल्या पोषक द्रवाच्या (आम्ही त्याला मीडियम म्हणतो) एका थेंबात आणि त्यावर ओतलेल्या तेलाच्या थराखाली राहते. गर्भनलिकेत प्राणवायू साधारण २ ते ८ टक्के असतो, हवेत मात्र २१ टक्के. म्हणून आता इन्क्युबेटरमध्ये तो ५ टक्क्यांवर आणतात, आणि त्यात भ्रूण अधिक चांगले वाढतात. तापमान ३७ अंश. स्त्रीबीज थोडा वेळ जरी गार झाले तरी गुणसूत्रांना जागेवर धरून ठेवणारे तंतू विस्कटतात. इन्क्युबेटरचे दार उघडले की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि द्रवाची आम्लता बदलते, त्यामुळे दार विनाकारण उघडणाऱ्या नवख्या मुलांवर मी ओरडतो, हे माझ्याविषयी प्रसिद्धच आहे.

वासाचेही तसेच, कारण हवेतल्या वाफाही भ्रूणाला बाधू शकतात. आमच्याकडे अत्तर, डिओ, उदबत्ती सगळे वर्ज्य. पाडव्याला आमची सहकारी गजरा माळून आली, तर तो दाराबाहेरच्या खिळ्याला दिवसभर लटकत राहिला. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका केंद्रात होतो, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर खालच्या मजल्यावर ऑइलपेंट लावायला घेतला. आम्हाला कोणी कळवले नाही. त्या आठवड्यात एकामागून एक भ्रूण तिसऱ्या दिवशी वाढायचे थांबले. कारण रंगच होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण हवा शुद्ध करणारे कार्बनचे फिल्टर बदलायला महिनोन् महिने टाळाटाळ चालली होती, याचा राग अजून गेलेला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. मेंढ्या आणि गाई यांचे भ्रूण रक्तद्रव घातलेल्या मीडियममध्ये वाढवले, तेव्हा काही पिल्ले अवाढव्य जन्मली. माणसांत इतके ठळक काही दिसले नाही, तरी नेदरलँड्समध्ये जोडप्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून दोन मीडियमची तुलना केली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एकेकट्या जन्मलेल्या बाळांच्या सरासरी वजनात सुमारे १५८ ग्रॅमचा फरक निघाला. गंमत अशी की, ज्या मीडियममध्ये वापरण्याजोगे भ्रूण जास्त मिळाले, त्यातलीच बाळे हलकी होती! मग चांगले मीडियम कोणते म्हणायचे? त्याहून मला खटकते ते हे की, कोणता घटक किती, हे कंपन्या पूर्णपणे सांगत नाहीत. आम्ही बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवून काम करतो.

गोठवलेल्या भ्रूणाचे बाळ सरासरीने ताज्या भ्रूणाच्या बाळापेक्षा जरा वजनदार असते, पण अशा गर्भारपणात आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक. जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या त्यांच्यावरच्या खुणा बिघडून होणारे काही दुर्मीळ आजार या मुलांत थोडे अधिक आढळतात, परंतु मुळातच ते इतके विरळ आहेत की त्यापायी झोप घालवू नये. शिवाय सगळा दोष लॅबला देता येत नाही. आईवडिलांचे वय आणि मूल न होण्यामागचे मूळ कारण यांचाही त्यात वाटा असतो. लॅबमधल्या साऱ्या बारकाव्यांपेक्षा मोठा धोका जुळ्यांचा आहे, कारण त्यांत अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कमी वजन सर्रास दिसते. ‘दोन भ्रूण सोडू, एकदाच काम होईल’ असे कोणी म्हटले, तर हुरळून जाऊ नकोस.

रोज केईएम रुग्णालयावरून जाताना मला ६ ऑगस्ट १९८६ आठवतो, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून तिथे टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या काळी भ्रूण दोन-तीन दिवसांतच गर्भाशयात सोडत. आता तो आमच्या हाती जास्त दिवस राहतो, म्हणून आमची जबाबदारीही वाढली आहे.

तेव्हा केंद्रात जाशील तेव्हा भिंतीवरचे बाळांचे फोटो पाहू नकोस. प्राणवायू किती टक्के ठेवता, मीडियम कोणते, फिल्टर शेवटचा कधी बदलला, आणि वीज गेली तर काय, हे विचार. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा काही तास आमचे डोळे यूपीएसच्या दिव्यावरच होते. भ्रूणाचे सतत फोटो घेणाऱ्या टाइम-लॅप्स कॅमेऱ्यासाठी जादा पैसे मागितले तर नम्रपणे नाही म्हण. त्याने बाळ होण्याची शक्यता वाढते असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.

पिकअपची, म्हणजे स्त्रीबीजे बाहेर काढण्याची, तारीख ठरली की कळव. पाचव्या दिवशीचा रिपोर्ट मिळाला की तो मला पाठव, आपण फोनवर बसून वाचू. वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग दंडवत.

तुझा,
मोहन