वाड्याची चूल पेटली, आभार

वाईच्या आमच्या जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात परवा चुलीवर दूध उतू घातलं. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांनी नावं छापू नका म्हणून बजावलंय, म्हणून नुसतेच आभार.

मागे कधीतरी भिंतींना सिमेंट फासलं होतं (आमच्याच आजोबांनी, आता कोणाला बोलणार!). ओल आत कोंडली, विटांचा भुगा व्हायला लागला. ते सिमेंट वीट न दुखवता छिन्नीने उतरवणारे दोघे गवंडी, आणि चुना तीन आठवडे भिजवून त्यात गूळ नि बेलफळाचं पाणी घालायला लावणारे काका. "घाई असेल तर डिस्टेंपर मारा," एवढंच बोलायचे.

वैल (चुलीला जोडून असलेलं मंद आचेचं दुसरं तोंड) डावीकडे होता की उजवीकडे, यावर घरात चांगलीच जुंपली होती. शेजारच्या आजी आल्या, भिंतीवरची काजळी न्याहाळली, "उजवीकडे" म्हणाल्या आणि ताक पिऊन गेल्या. फरशीखाली गाडलेलं उखळही त्यांनीच काठी आपटून दाखवलं.

चुन्याची दोन पोती रात्रीत ओसरीवर कोणी ठेवली, ते मात्र अजून कळलेलं नाही. रिकामी पोती घडी करून ठेवलीत. न्यायला या, चहा चुलीवरचाच मिळेल.