विषय : 'रोमन ख्रिस्ती दिवा' या प्रतिकृतीतील दोष आणि माहितीपत्रकातील चुकीचा मजकूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेला 'रोमन ख्रिस्ती दिवा' मला गेल्या आठवड्यात मिळाला. पॅकिंग चांगले होते, दिवा कुठे फुटलेला नाही. तक्रार वेगळीच आहे.

जाहिरातीत 'चाकावर घडवलेला, तेल घालून पेटवता येणारा' असे म्हटले आहे. प्रत्यक्षात दिव्याच्या कडेने साच्याची शिवण सरळ दिसते. साच्याला माझी हरकत नाही. मूळ दिवेही वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून, मग जोडूनच करत. पण मग चाकाची बढाई कशाला? खरी फसवणूक पुढे आहे. चकतीवर, म्हणजे दिव्याच्या वरच्या गोल भागावर, तेलासाठी दोन भोके दिली आहेत. त्यांत काडी घातली तर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी आत जाते आणि अडते. वातीचे तोंडही आतून बंद. वरून तकतकीत लाल ऑइलपेंट. पेटवायचा म्हटला तर आधी रंगच जळेल! महाविद्यालयातल्या प्रदर्शनात हा दिवा लावून दाखवायचा होता, तो बेत बारगळला.

आता माहितीपत्रक. त्यात 'पहिले शतक, नीरोच्या छळाच्या काळात रोमच्या भुयारांत लपलेल्या ख्रिस्ती लोकांचा दिवा' असे छापले आहे. रोमन सम्राट नीरोने केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ इ. स. 64 मधील रोमच्या आगीनंतरचा. रोममधली ती भुयारे म्हणजे दफनभूमी. ख्रिस्ती दफने तिथे सुरू झाली ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, आणि लोक तिथे लपून राहत ही दंतकथाच आहे. दिव्यावरचे 'खी' आणि 'रो' ही ग्रीक अक्षरे गुंफलेले ख्रिस्तचिन्ह सर्रास दिसू लागते ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या 312 मधील विजयानंतर. लांबट घाट, चकतीपासून तोंडापर्यंत गेलेली पन्हळ, मागे भोक नसलेली भरीव मूठ, खांद्यावर (चकतीभोवतीच्या काठावर) ठशांची नक्षी, हे सगळे उत्तर आफ्रिकेतल्या, आजच्या ट्युनिशियातल्या दिव्यांचे. काळ साधारण पाचवे शतक. म्हणजे तुमच्या कारागिराने नमुना बरोबर निवडला आणि माहिती लिहिणाऱ्याने त्याची माती केली. 'ख्रिस्ती' दिवाच हवा आणि तोही जुना, तर इटलीत तिसऱ्या शतकाच्या सुमारास खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रतीकाचे, चित्र असलेले दिवे होत होते. पहिल्या शतकाचा हट्ट तिथेही टिकत नाही.

माझ्या मागण्या : कुरिअर खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी, आणि संकेतस्थळावरील व पत्रकावरील मजकूर दुरुस्त करावा. दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, म्हणून तीच आधी करा. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली येते. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

दिवा मूळ खोक्यात ठेवला आहे. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि भोकांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
(सही)