दुसऱ्या घरालाही त्याची भाषा द्या

महोदय,

गेल्या महिन्यात मी आणि माझ्या विहीणबाई वाशीला एक मराठी प्रेमपट पाहायला गेलो होतो. मुलगा पुण्याचा, मुलगी मल्याळी. विहीणबाईही मल्याळीच, मूळच्या केरळातल्या पालक्काडच्या; मराठी समजते, बोलताना मात्र अडखळतात. पडद्यावर मुलीची आई आली, मोडक्या मराठीत दोन-चार वाक्ये आणि मधूनमधून ‘अय्यो’ म्हणाली, तेव्हा विहीणबाईंनी हळूच विचारले, ‘‘या कुठल्या?’’ ज्या घराचे म्हणून ते चित्र होते, त्याच घरातल्या बाईला ते ओळखू येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

अशा चित्रपटांत मराठी घराला स्वयंपाकघर असते, रुसवेफुगवे असतात, जुनी दुखणी असतात. दुसऱ्या घराच्या वाट्याला साडीचे काठ, केळीचे पान आणि विरोध एवढेच येते. त्या विरोधामागचे कारण कुणी विचारतच नाही. माझ्या मुलाचे लग्न ठरत असताना नेरूळच्या आमच्या घरी पहिली बैठक झाली, तेव्हा मासळी, मानपान, मुहूर्त या सगळ्यांची उत्तरे आम्ही तयार ठेवली होती. विहीणबाई कॉफीचा पेला हातात तसाच धरून बराच वेळ गप्प होत्या आणि शेवटी मुलीकरवी त्यांनी एकच प्रश्न विचारला: होणारी नातवंडे माझ्याशी कुठल्या भाषेत बोलतील? आम्ही सगळे निरुत्तर झालो. हा प्रश्न मी अजून एकाही मराठी चित्रपटात ऐकलेला नाही.

हे पडद्यावर जमत नाही, असे मुळीच नाही. के. बालचंदर यांच्या १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’मध्ये गोव्यातली दोन शेजारी घरे, एक तमिळ आणि एक हिंदी भाषक, एकमेकांची भाषा न कळण्यातूनच उभी राहतात, आणि नायक झालेले कमल हासन स्वतः तमिळ भाषक आहेत. आपल्याकडे २०१६ च्या ‘सैराट’मध्ये पळून हैदराबादला गेलेली आर्ची हळूहळू तेलुगू बोलू लागते, आणि त्यातूनच ती तिथे रुजत चालल्याचे आपल्याला कळते. त्या तेलुगूमुळे मराठी प्रेक्षक दुरावला नाही.

मल्याळी किंवा तमिळ घरापर्यंत जायचीही गरज नाही. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसली, त्या गावांतला आगरी मुलगा आणि सेक्टरमधल्या इमारतीतली मराठीच मुलगी, हेही दोन संस्कृतींचेच प्रेम आहे. आगरी बोली मात्र पडद्यावर बहुधा हळदीच्या गाण्यात नाहीतर विनोदापुरतीच ऐकू येते. भूसंपादनात जमीन गेलेल्या घराला सेक्टरमधल्या सुनेबद्दल काय वाटत असेल, हे दाखवावे असे कुणाला का सुचू नये?

निर्मात्यांना माझी विनंती साधी आहे. दुसऱ्या घरातली माणसे आपसात त्यांच्याच भाषेत बोलू द्या आणि खाली मराठी उपशीर्षके द्या. ते संवाद त्या भाषेच्या लेखकाकडून लिहून घ्या. निदान आईची भूमिका तरी ती भाषा घरात बोलणाऱ्या अभिनेत्रीला द्या. आपले वाचक घरबसल्या उपशीर्षके वाचत मल्याळी चित्रपट आवडीने पाहतात, त्यामुळे प्रेक्षकांना ते झेपणार नाही, ही सबब मला पटत नाही. आपल्या चित्रपट-परीक्षणांतूनही नायक-नायिका आणि गाण्यांबरोबर दुसरे घर कसे रंगवले आहे याची दखल घेतली जावी, ही नम्र विनंती.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई